नळाच्या पाण्यातलं शिसं: अमेरिकेत जुन्या घरात राहायला येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांत पाण्याच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काही जण "इथलं पाणी थेट नळाचंच प्यायचं असतं" म्हणत पहिल्याच दिवशी ग्लास भरतात. काही जण जुन्या सवयीने पाणी उकळतात, गाळतात आणि स्टीलच्या पिंपात भरून ठेवतात. जंतूंची भीती असेल तर उकळणं उत्तमच. शिशाच्या बाबतीत मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, शिसं भांड्यातच राहतं, आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट थोडं वाढतं.

पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. ते बहुतेक वेळा धरणातून किंवा शुद्धीकरण केंद्रातून येत नाही. रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीपासून तुमच्या घरापर्यंत येणारा जो छोटा पाइप असतो, ज्याला इथे सर्व्हिस लाइन म्हणतात, तो जुन्या घरांत शिशाचा असू शकतो. घरातल्या तांब्याच्या पाइपांचे जोड शिशाच्या सोल्डरने केलेले असू शकतात. नळ आणि व्हॉल्व्ह पितळेचे असतात, त्यातही शिसं असतं. म्हणून शेजारच्या घरात पाणी स्वच्छ आणि तुमच्या घरात शिसं, असं सहज घडतं. शहराचा अहवाल कितीही चांगला असला तरी तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल तो काहीच सांगत नाही.

शिकागो, नेवार्क, डेट्रॉइट, मिलवॉकी, पिट्सबर्ग अशा जुन्या शहरांत, जुन्या वस्तीत घर भाड्याने किंवा विकत घेतलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पाइप आणि सोल्डरमध्ये शिसं वापरायला केंद्राच्या कायद्याने १९८६ मध्ये बंदी आली. पितळी नळांवरची मर्यादा पुढे २०१४ मध्ये चांगलीच कडक झाली. घर त्यानंतरचं असेल तर धोका बराच कमी.

## आधी फ्लिंटमध्ये काय झालं ते समजून घ्या

पायऱ्यांकडे थेट उडी मारू नका. फ्लिंट माहीत नसेल तर पुढच्या सूचना निव्वळ कटकट वाटतील.

मिशिगनमधलं फ्लिंट हे जनरल मोटर्सचं गाव. वस्ती साधारण एक लाख, निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय, आणि गरिबी भरपूर. गावाची तिजोरी रिकामी झाल्यामुळे राज्याने तिथे आणीबाणी व्यवस्थापक बसवला होता. निवडून आलेल्या माणसांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. खर्च वाचावा म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी डेट्रॉइटकडून मिळणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी बंद झालं आणि फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं.

नदीचं पाणी शुद्ध करूनच सोडलं जात होतं. पण त्यात क्लोराइड जास्त होतं आणि ते धातूला खात होतं. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट नावाचं रसायन घातलेलं असायचं. त्याने पाइपाच्या आतून पातळ थर धरतो आणि धातू पाण्यात उतरत नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई असली की आमटी कळकत नाही, तसंच हे. फ्लिंटने नवं पाणी सुरू करताना हे रसायन घातलं नाही, आणि राज्याच्या पर्यावरण खात्याने ते घालायला लावलंही नाही. वर्षानुवर्षं धरलेला थर सुटत गेला आणि शिसं पाण्यात येऊ लागलं.

लोकांना लगेच जाणवलं. पाणी तपकिरी यायचं, वास यायचा, मुलांच्या अंगावर पुरळ उठायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्यात जंतू सापडले म्हणून उकळून प्यायच्या सूचना निघाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. इंजिनाला चालेना ते पाणी गावातली मुलं पुढे वर्षभर पीत राहिली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड येते ती इथे.

लीॲन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईने आग्रह धरल्यावर २०१५ च्या सुरुवातीला तिच्या घरचं पाणी तपासलं गेलं. शिसं १०४ पीपीबी निघालं, पुढच्या तपासणीत ३९७. (पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग, किंवा लिटरला एक मायक्रोग्रॅम.) कारवाई करायची केंद्राची पातळी तेव्हा १५ होती. केंद्रीय पर्यावरण संस्थेतल्या मिगेल डेल टोरल यांनी जून २०१५ मध्ये लेखी इशारा दिला. जुलैत राज्याच्या पर्यावरण खात्याचा प्रवक्ता रेडिओवर सांगत होता की शिशाची काळजी करणाऱ्यांनी निश्चिंत व्हावं.

त्याच सुमारास गावाची अधिकृत तपासणी झाली. ७१ नमुने आले, त्यातले दोन बाद ठरवले गेले. ते दोन्ही जास्त शिशाचे होते, आणि त्यात वॉल्टर्स यांच्या घरचा एक. दोन नमुने काढल्यावर गाव मर्यादेच्या आत बसलं. ते ठेवले असते तर बसलं नसतं. नमुना घेण्याच्या सूचनाही अशा होत्या की शिसं कमीच दिसावं: आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा, मग सकाळी बाटली भरा.

खरं चित्र बाहेर आलं ते लोकांनी स्वतः बाटल्या भरल्यामुळे. व्हर्जिनिया टेकमधले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने ३०० संच पाठवले. ते रहिवाशांनीच घरोघर वाटले, भरून घेतले आणि परत पाठवले. २४ सप्टेंबर २०१५ रोजी हर्ली मेडिकल सेंटरमधल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे जाहीर केले. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रक्तात शिसं वाढलेल्या लहान मुलांचं प्रमाण पाणी बदलण्याआधी २.४ टक्के होतं, नंतर ४.९ टक्के झालं होतं. राज्याने आधी त्यांच्या आकड्यांवरच शंका घेतली, मग काही दिवसांत ते मान्य केले. १६ ऑक्टोबरला गाव पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेलं. त्याच काळात लिजिओनेअर्स या पाण्यातल्या जंतूंमुळे होणाऱ्या, न्यूमोनियासारख्या आजाराने १२ माणसं दगावली होती.

## पायरी १: घरात येणारा पाइप बघा

बेसमेंटमध्ये रस्त्याच्या बाजूला जा. भिंतीतून किंवा जमिनीतून पाइप येतो आणि मीटरला किंवा मुख्य व्हॉल्व्हला मिळतो. व्हॉल्व्हच्या आधीचा तुकडा महत्त्वाचा. पुढचा पाइप नंतर बदललेला असू शकतो आणि तो बघून माणूस फसतो.

किल्ली किंवा नाणं घेऊन तिथे हलकेच खरवडा. शिशाचा पाइप वरून मळकट करडा असतो, पण ओरखडा लगेच चांदीसारखा चमकतो. धातू इतका मऊ की नाणं सहज रुततं. जोडाजवळ बऱ्याचदा गोलसर फुगवटा असतो. त्याला चुंबक चिकटत नाही. चुंबक चिकटला तर तो जीआय पाइप. ओरखडा तांबूस आला तर तांब्याचा. खरवडून झालं की हात साबणाने धुवा आणि त्या जागी लहान मुलांना हात लावू देऊ नका.

जीआय पाइप निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच्या मागे पूर्वी कधी शिशाचा पाइप असेल तर आतल्या गंजात शिसं अडकून राहतं आणि अधूनमधून सुटतं.

बेसमेंट कुलूपबंद असेल किंवा तुम्ही इमारतीत भाडेकरू असाल तर शहराची यादी बघा. १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेला आपल्या सर्व्हिस लाइनांची यादी करणं बंधनकारक होतं. बऱ्याच शहरांत संकेतस्थळावर पत्ता टाकला की तुमच्या घराची नोंद दिसते. "माहीत नाही" अशी नोंद असेल तर सिद्ध होईपर्यंत शिसंच आहे असं धरून चाला. या यादीनंतर शिशाचा किंवा अज्ञात पाइप असलेल्या घरांना पत्रंही जातात. जाहिरातींच्या गठ्ठ्यातून असं पत्र फेकलं जाऊ देऊ नका.

## पायरी २: तपासणीची वाट न बघता आजपासून

प्यायला आणि स्वयंपाकाला फक्त थंड नळाचं पाणी घ्या. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. चहाचं आधण लवकर व्हावं किंवा कुकरमधली डाळ पटकन शिजावी म्हणून गरम नळ सोडायची सवय आपल्याकडे पुष्कळांना लागते. ती मोडा. बाळाच्या पावडरच्या दुधासाठी तर गरम नळाला हातही लावू नका. फॉर्म्युला पिणाऱ्या बाळाचं जवळजवळ सगळं अन्न म्हणजे पाणीच असतं, त्यामुळे सर्वांत मोठा धोका त्यालाच.

सकाळी किंवा कामावरून आल्यावर, पाणी बरेच तास पाइपात उभं असेल तर आधी ते वाहू द्या. अंघोळी, कपड्यांचं मशीन, भांडी हे आधी उरका, मग प्यायचं भरा. अंघोळीने शिसं त्वचेतून शरीरात जात नाही, भांडी घासायलाही हरकत नाही. अंघोळ करताना लहान मुलं पाणी गिळणार नाहीत एवढं बघा.

नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिला एरेटर म्हणतात. ती फिरवून काढा, उलटी धरून धुवा. तिच्यात शिशाचे कण अडकून बसतात आणि एखाद्याच ग्लासात एकदम उतरतात.

फिल्टर घेताना खोक्यावर एनएसएफ ५३ हे मानक आणि त्यापुढे "शिसं कमी करतो" असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा. नुसता क्लोरीनचा वास घालवणारा जग शिशासाठी उपयोगाचा नाही, आणि एकाच कंपनीचे दोन जग या बाबतीत वेगळे निघू शकतात. बारीक कणांसाठी ४२ हे मानकही असेल तर आणखी चांगलं. आरओ असेल तर मानक ५८. फिल्टरमधून गरम पाणी कधीच सोडू नका आणि कार्ट्रिज वेळेवर बदला. मुदत संपलेला फिल्टर बसवून ठेवला की माणूस उगाच निर्धास्त होतो.

## पायरी ३: नमुना स्वतः घ्या

आधी शहराला विचारा. शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये ३११ ला फोन केला की तपासणीचा संच फुकट मिळतो. नाहीतर राज्याची मान्यता असलेली खासगी लॅब शोधा. एका नमुन्याला साधारण २० ते १०० डॉलर पडतात. दुकानातल्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका.

रात्री झोपण्यापूर्वी सगळं आवरा आणि त्यानंतर घरात कुठेही पाणी वापरू नका, फ्लशसुद्धा नाही. निदान सहा तास पाणी पाइपात उभं राहिलं पाहिजे. घरात पहाटे उठणारं कुणी असेल तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा पहाटेच्या एका चहामुळे. सकाळी उठल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या थंड नळाखाली बाटली धरा आणि मगच नळ सोडा, म्हणजे पहिला थेंबही बाटलीतच पडेल. जाळी काढायची नाही, फिल्टर लावायचा नाही, धार मुद्दाम बारीक ठेवायची नाही. रोज पाणी घेता तसंच घ्यायचं.

पहिल्या लिटरमध्ये मुख्यतः नळातलं आणि जवळच्या जोडांतलं शिसं येतं. सर्व्हिस लाइनमध्ये रात्रभर उभं राहिलेलं पाणी त्यानंतर येतं. म्हणून शिशाची लाइन असेल तर लागोपाठ एकेक लिटरच्या पाच बाटल्या भरा आणि पहिली व पाचवी तपासायला द्या. नव्या नियमांत पाचव्या लिटरला जागा मिळाली आहे ती याचसाठी. बाटलीवर तारीख, वेळ, पाणी किती तास उभं होतं आणि बाटलीचा क्रमांक लिहा, आणि फोटो काढून ठेवा.

एक नमुना चांगला आला म्हणजे झालं असं मानू नका. शिशाचे कण सुटतात तेव्हा आकडा एकाएकी उडी मारतो. उन्हाळ्यात, किंवा रस्ता खणून झाल्यावर, पुन्हा एकदा तपासा.

## पायरी ४: आकडा वाचायला शिका

शून्याखेरीज कुठलीही पातळी सुरक्षित नाही, असं केंद्राचं आरोग्याचं उद्दिष्टच सांगतं. १५ पीपीबी हा आकडा १९९१ पासून चालत आला आणि ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमात तो १० वर आणला गेला. पण हे आकडे पाणीपुरवठा संस्थेने कधी हालचाल करायची यासाठी आहेत. तुमच्या घरी ९ आलं म्हणजे बाळाला पाजायला चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

शहराचा अहवाल दरवर्षी १ जुलैपर्यंत यायला हवा. त्यात ९० वा पर्सेंटाइल लिहिलेला असतो. समजा १०० घरं तपासली आणि आकडे चढत्या क्रमाने मांडले, तर ९० व्या घराचा तो आकडा. तो मर्यादेत असेल तर शहर नियमात बसतं, मग वरच्या दहा घरांत शिसं कितीही असो. त्यामुळे "आमचं पाणी सर्व मानकं पूर्ण करतं" हे वाक्य खरं असूनही तुमचं घर त्या दहांत असू शकतं. अहवालात सर्वांत मोठा आकडा दिला असेल तर तोही बघा.

## पायरी ५: मुलांचं रक्त, आणि घरातल्या बाकीच्या वस्तू

सहा वर्षांखालची मुलं आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांकडे रक्ताची शिशाची तपासणी मागून घ्या. बोट टोचून केलेल्या तपासणीत आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात, कारण बोटावरची धूळसुद्धा आकडा वाढवते. केंद्राच्या आरोग्य संस्थेने २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही लक्ष देण्याची पातळी ठरवली आहे.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. बरंचसं हाडांत जाऊन बसतं. मूल सहा महिन्यांपूर्वी ते पाणी पीत होतं आणि आज आकडा चांगला आला, तर पूर्वी काही झालंच नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. फ्लिंटच्या पालकांना उशिरा केलेल्या तपासण्यांचे चांगले आकडे दाखवून दिलासा दिला गेला, तेव्हा त्यांना राग आला तो यामुळेच, आणि तो रास्त होता.

आकडा वाढलेला आला तर सगळा दोष पाण्यावर टाकू नका. अमेरिकेत मुलांच्या शरीरात शिसं जाण्याचं मोठं कारण १९७८ पूर्वीच्या घरांतला जुना रंग आणि त्याची धूळ हे आहे. आपल्या घरांत आणखी काही वस्तू असतात, आणि त्या डॉक्टरांना आपणहून सांगायला हव्यात: गावाहून आणलेली सुटी हळद आणि मसाले (पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेटची भेसळ झाल्याची प्रकरणं आहेत), कुंकू-सिंदूर, बाळाच्या डोळ्यात घालायचं काजळ, धातूंची भस्मं असलेली औषधं, जुनी पितळेची भांडी आणि भेसळीच्या कथलाने केलेली कल्हई. आजीने पाठवलेलं काजळ डॉक्टरांसमोर काढायला संकोच वाटतो, हे मी जाणून आहे. तरी काढा. इथला डॉक्टर काजळाबद्दल स्वतःहून विचारेलच असं नाही.

आहारात लोह, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पुरेसं असेल तर शिसं शरीरात कमी शोषलं जातं. नाचणीचं सत्त्व, दूध, पालेभाज्या, लिंबू, आवळा हे चालू ठेवा. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून मुलांना वेळेवर खायला द्या.

## पायरी ६: पाइप बदलताना

खरा इलाज हाच आहे, बाकी सगळं तोवरचं. २०२४ च्या नियमाने बहुतेक शहरांना दहा वर्षांत शिशाच्या लाइनी काढायला सांगितलं आहे, पण शिकागोत त्या साधारण चार लाख आहेत आणि तिथे काम लांबणार हे उघड आहे. रांगेत नाव घालून ठेवा.

अर्धा पाइप बदलायला तयार होऊ नका. रस्त्याकडचा भाग नवा आणि घराकडचा शिशाचाच, असं केलं की कापाकापीत उरलेल्या पाइपातून कण सुटतात आणि काही काळ आधीपेक्षा जास्त शिसं येतं. पूर्ण पाइप बदलल्यावरही पहिल्या दिवशी सगळ्या नळांच्या जाळ्या काढून थंड पाणी निदान अर्धा तास वाहू द्या आणि सहा महिने फिल्टर वापरा.

भाडेकरूंची अडचण वेगळी असते. घरमालक सही देत नाही, कधी तो दुसऱ्या राज्यात असतो. नेवार्कने यावर २०१९ मध्ये सरळ नियम केला: मालकाची परवानगी नसली तरी शहर आत येऊन पाइप बदलेल, तेही फुकट. साधारण २३,००० लाइनी तीनेक वर्षांत निघाल्या. त्याआधी पाणी सुरक्षित आहे असं तेच शहर सांगत होतं आणि त्याच्यावर खटला भरावा लागला होता, हेही लक्षात असू द्या. पुढे २०२४ मध्ये काही घरांत ठेकेदाराने पाइप पूर्ण काढलाच नसल्याचं आढळलं आणि तिथे पुन्हा खणावं लागलं. म्हणून काम चालू असताना खड्ड्याचे फोटो काढा: जुना पाइप, नवा पाइप आणि दोन्हीकडचे जोड.

## पायरी ७: आळीतल्या लोकांबरोबर

फ्लिंटमध्ये २०१६ च्या उत्तरार्धापासून तपासण्यांत शिसं केंद्राच्या मर्यादेखाली आहे. तरी लोक नळाचं पाणी प्यायला धजेनात. एप्रिल २०१८ मध्ये पाणी आता ठीक आहे म्हणून राज्याने फुकट बाटल्या वाटणं बंद केलं, तेव्हा अनेक घरांखालचे पाइप अजून शिशाचेच होते. २०१७ च्या न्यायालयीन तडजोडीप्रमाणे पाइप बदलण्याचं काम तीन वर्षांत संपायचं होतं. जवळजवळ ११,००० पाइप निघायला २०२५ उजाडलं. भरपाईपोटी ६२.६ कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे ज्या शास्त्रज्ञाने गावाला मदत केली होती तोच पाणी सुधारलंय म्हणू लागल्यावर त्याच्यात आणि काही कार्यकर्त्यांमध्ये जाहीर भांडणं झाली. एकदा खोटं ऐकलेल्या गावाला पुढे खरं सांगणंही किती अवघड होतं ते यावरून दिसतं. तुम्ही अशा गावात नव्याने राहायला गेलात तर बाटलीचं पाणी पिणाऱ्या शेजाऱ्याला आकडे दाखवून समजावू नका. त्यांनी काय बघितलं ते आधी ऐका.

माझ्या मते विश्वास परत येण्याचा एकच पक्का रस्ता आहे: तपासणी लोकांच्या डोळ्यांसमोर आणि लोकांच्या हातांनी व्हायला हवी. त्याची सुरुवात लहान असू शकते. आपल्या रस्त्यावरची आठ-दहा घरं गोळा करा. सगळ्यांनी एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच आठवड्यात नमुने घ्या आणि एकाच लॅबला पाठवा. आलेले सगळे आकडे, चांगले आणि वाईट, नावं काढून एका कागदावर मांडा. एकही आकडा गाळू नका. एखादा नमुना चुकीचा घेतला गेला असेल तर तो ठेवा आणि शेजारी कारण लिहा. आकडे कमी आले तरी ते सांगा. शहराच्या पाणी विभागातल्या चांगल्या माणसांना अशा कागदाचा उपयोगच होतो, आणि अशी माणसं बहुतेक ठिकाणी असतात.

भाषेकडे लक्ष द्या. फ्लिंटमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या अनेक कुटुंबांना पाण्याबद्दल फार उशिरा कळलं, आणि कागदपत्रं नसलेले लोक ओळखपत्र विचारतील या भीतीने पाणी वाटपाच्या ठिकाणी जायला घाबरत होते. आपल्या इमारतीतही मुलांना सांभाळायला आलेले आजी-आजोबा असतात. दिवसभर घरात पाणी वापरणारे तेच. गरम नळाचं पाणी वापरायचं नाही, हे मराठीत लिहून नळावर चिकटवा.

नगर परिषदेच्या सभेत कुणीही उठून बोलू शकतं, साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. भाषण करू नका, प्रश्न विचारा:

- तपासणीसाठी घरं कोणी निवडली? त्यातल्या किती घरांना खरोखर शिशाची लाइन आहे?
- बाटली भरण्याच्या सूचना काय होत्या? आदल्या रात्री नळ सोडायला सांगितलं होतं का?
- किती नमुने आले, किती बाद केले, आणि प्रत्येकाचं कारण काय?
- पाण्याचा स्रोत किंवा त्यातलं रसायन बदलणार असेल तर पाइपांवर काय परिणाम होईल हे कोणी तपासलं?

उत्तर लेखी मागा. आलं नाही तर माहितीसाठी अर्ज करा. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखा कायदा इथे प्रत्येक राज्यात आहे, आणि फ्लिंटमधली अधिकाऱ्यांची बरीचशी ईमेलं अशाच अर्जांमुळे बाहेर आली. मिशिगन आणि इलिनॉयमध्ये हा अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही, व्हिसावर असलेल्यांनाही तो करता येतो. अर्जात "माहिती द्या" असं मोघम लिहू नका; वर्ष लिहा आणि त्या वर्षीच्या शिशाच्या तपासणीचे सर्व नमुने, बाद केलेल्यांसकट, आणि लॅबचे मूळ अहवाल मागा.